आर्डुइनोची भाषा वेगळी नाही, ती सी प्लस प्लसच

'आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची स्वतःची सोपी भाषा असते, ती शिकून खरं प्रोग्रामिंग येत नाही,' असं विद्यार्थ्यांना अजूनही सांगितलं जातं. हे चूक आहे. स्केचमध्ये, म्हणजे आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये, आपण लिहितो ते सी प्लस प्लसच. प्रोग्राम जिथून सुरू होतो ते मेन फंक्शन दिसत नाही म्हणून गैरसमज होतो. पण ते बोर्डाच्या कोअर फाइलींमध्ये, म्हणजे बोर्डासाठीच्या तयार कोडमध्ये, आधीच लिहिलेलं असतं. ते आपण लिहिलेलं सेटअप फंक्शन एकदा चालवतं, मग लूप फंक्शन पुन्हा पुन्हा. आयडीई, म्हणजे स्केच लिहायचं सॉफ्टवेअर, फक्त हेडर (तयार फंक्शनांची ओळख देणारी फाइल) आणि फंक्शनांचे प्रोटोटाइप (आगाऊ घोषणा) जोडते. पुढे उनो आर३ या आर्डुइनो बोर्डासाठी एव्हीआर-जीसीसी हा मुक्तस्रोत कंपायलर थेट यंत्रभाषा तयार करतो. पिन चालू-बंद करणारं डिजिटलराइटसुद्धा साधं फंक्शनच. त्याचा कोड उघडून जरूर वाचा: पिनच्या क्रमांकावरून पोर्ट (पिनांचा गट) आणि त्यातला बिट कसा शोधला जातो, ते तिथे स्वच्छ दिसतं.