आरशाशी कुस्ती

भाच्याने वाढदिवसाला हट्ट धरून पॅरट फिश घ्यायला लावला. केशरी, गोलमटोल, पोपटाच्या चोचीसारखं तोंड. दुकानात काचेला नाक लावून उभा असलेला हा गडी घरच्या टँकमध्ये सोडल्याबरोबर जो फिल्टरच्या मागे गेला, तो पाच दिवस तिथेच. दाणे तरंगायचे, भिजायचे, तळाला जायचे. मी खोलीत पाऊल टाकलं की फिल्टरमागून डोकावणारं शेपटीचं टोकही आत ओढलं जायचं. दुकानदाराला फोन केला. निदान आणि औषध एका दमात मिळालं, "डरपोक आहे साहेब. रोज दहा मिनिटं आरसा दाखवा, डेअरिंग येईल."

हा सल्ला त्या एकट्याचा नाही. फ्लॉवरहॉर्न नावाचा मासा पाळणारे तर त्याच्या कपाळावरचा उंचवटा वाढावा म्हणून सर्रास आरसा लावतात. मासा पर ताठ करून, कल्ल्यांची झाकणं फुगवून आरशावर चालून जातो, आपल्याला वाटतं हिंमत आली. मलाही वाटलं. दाढीचा आरसा काचेला टेकवून मी दोन दिवस बसलो. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या बाहेर आला, आरशाला चार धडका दिल्या, मी आरसा काढला आणि तो पुन्हा फिल्टरमागे. या वेळी शेपटीचं टोकही दिसेना.

इथे मला वाचायची खाज सुटली.

पॅरट हा माणसाने केलेला संकर, पण कुळ सिक्लिडचं. ऑस्कर, एंजल, फ्लॉवरहॉर्न हे सगळे त्याच कुळातले. आपल्या ताटातलेही आहेत: गोव्याची काळुंदर आणि उजनीच्या पाण्यातली चिलापी, म्हणजे तिलापिया. भित्र्या माशाचं कोडं मला या चिलापीच्या एका जातभाईने सोडवून दिलं. मोझांबिक तिलापिया. आफ्रिकेतला हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला.

पोर्तुगालमधले रुई ऑलिव्हेरा आणि त्यांचे सहकारी या तिलापियाच्या नरांच्या मारामाऱ्या अभ्यासतात. दोन नर भिडले की त्यांच्या अंगातली नर-हॉर्मोनं वाढतात, हे माहीत होतं. 2005 मध्ये त्यांनी नरांना आरशाशी लढवलं. नर जीव तोडून लढले: रंग गडद, पर ताठ, तोंडाने हल्ले. पण हॉर्मोनं मोजली तर वाढच नाही. अंगाची मेहनत झाली, आतली भट्टी मात्र पेटलीच नाही.

का? कुस्तीच्या फडावर गेलेल्याला हे लगेच कळेल. आरशाशी केलेली कुस्ती निकाली होतच नाही. तुम्ही रेटा दिला की तोही तेवढाच रेटा देतो, तुम्ही थांबलात की तोही थांबतो. दर वेळी बरोबरीत सुटते. हॉर्मोनची वाढ लढण्याने होत नसून निकालाशी, म्हणजे समोरचा दबतोय की नाही या अंदाजाशी, बांधलेली दिसते.

पुढची गोष्ट मला त्याहून आवडते. जिंकलेला मासा पुढची लढतही जिंकण्याची शक्यता जास्त असते, हरलेला पुन्हा हरतो. 2009 मध्ये याच गटाने दोन्ही टोकं तपासली. विजेत्यांना नर-हॉर्मोनांचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तर त्यांची जिंकण्याची लय मोडली. उलट हरलेल्यांना 11-किटोटेस्टोस्टेरॉन टोचलं (माशांमधलं हे मुख्य नर-हॉर्मोन), तरी ते बहुतेक हरतच राहिले. म्हणजे जिंकण्याची चटक हॉर्मोनवर चालते, हरण्याची धास्ती मात्र नुसत्या हॉर्मोनने पुसली जात नाही. ती बहुधा दुसऱ्या रस्त्याने येते.

हॉर्मोनचा रस्ता थोडा किचकट आहे, पण बघूच. डोळ्यांनी टिपलेली सामाजिक बातमी मेंदूच्या तळाशी असलेल्या काही चेतापेशींपर्यंत पोचते. त्या जीएनआरएच नावाचं रसायन सोडतात, त्याने पिट्युटरी ग्रंथी जागी होते, ती वृषणांना हुकूम देते आणि वृषणं हॉर्मोन बनवतात. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या बर्टोनी सिक्लिडवर स्टॅनफर्डच्या रसेल फर्नाल्ड यांनी आयुष्यभर काम केलं. तिथला दबलेला नर फिक्कट, कळपात मिसळून राहणारा. दांडगा नर टँकमधून उचलला की हा फिक्कट गडी काही मिनिटांत रंग चढवतो, डोळ्यावर काळा पट्टा उमटवतो. त्याच्या जीएनआरएच पेशींत वीसेक मिनिटांत एक विशिष्ट जनुक चालू झालेलं सापडतं, आणि पुढच्या दिवसांत त्या पेशी आकारानेही फुगतात. समोरची जागा रिकामी झाली एवढी बातमी पुरली, लढत झालीही नाही!

फर्नाल्ड यांच्याच प्रयोगशाळेत बर्टोनीला आरशासमोरही बसवलं होतं. खऱ्या शत्रूशी लढताना आणि आरशाशी लढताना वागणं सारखंच. मेंदूत मात्र फरक. माणसाच्या मेंदूत भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाशी जुळणारा भाग आरशासमोर जास्त पेटला. कारणाचा अंदाज मला दोन साध्या गोष्टींवरून बांधावासा वाटतो. मासे अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वरेषेने पाण्याचा दाब ओळखतात. खरा शत्रू शेपटी हापटतो तेव्हा पाणी अंगावर आदळतं, आरसा पाणी हलवत नाही. शिवाय वास. मोझांबिक तिलापियाचा दांडगा नर भांडताना चक्क मूत्राच्या पिचकाऱ्या मारतो, त्या वासातून समोरच्याला त्याची पत कळते. आरशातल्या पहिलवानाला ना धक्का ना वास, पण डोळ्यांसमोर मागे न हटणारा मर्द. भूतच ते. (भुतांवर माझा विश्वास नाही, माशाच्या मेंदूचं मी सांगू शकत नाही.)

भुतांवरून आठवलं. या माशाच्या निमित्ताने घरी आलेल्या तीन जणांनी मला टँक ईशान्येला हलवायला सांगितलं. एकाने आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेव म्हणून सुचवलं, घरावरची आपत्ती मासे अंगावर घेतात म्हणे. ईशान्येला माझ्या घरात दार आहे. दर वेळी ते आपटलं की मासा भिंतीला धडकणार, मग आपत्ती खरंच त्याच्या अंगावर.

तर मग हिंमत कुठून यायची? मला उमगलं ते असं की घाबरलेल्या माशाला शत्रू नकोच आहे, धोका नसल्याची बातमी हवी आहे. ती त्याला देणारे दुसरे मासे असतात. मधल्या पाण्यात बिनधास्त फिरणारे चपळ मासे सोडले की सिक्लिड बाहेर येतात, हे पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते मोकळे फिरतायत म्हणजे वर बगळा नाही, मागे मोठा शिकारी नाही. मासे दुसऱ्यांवरून किती शिकतात याचा पुरावाही फर्नाल्ड यांच्याच गटाचा, 2007 चा: पाच नरांच्या कुस्त्या काचेपलीकडून नुसत्या बघणाऱ्या बर्टोनीने कोण कोणावर भारी हे ताडलं, इतकं की ज्या दोघांची झुंज त्याने पाहिलीच नव्हती त्यांच्यातही दुबळा ओळखून त्याच्या बाजूला गेला.

मी असेच चपळ सहा मासे आणले, जायंट डॅनिओ. पश्चिम घाटाच्या ओढ्यांत यांची भावंडं आहेत. पॅरटचं तोंड इतकं लहान की तो यांना गिळायची भीती नाही. पण त्याआधी पाण्याचा अमोनिया तपासला, कारण खराब पाण्यातला मासाही असाच कोपरा धरतो आणि त्यावर डॅनिओ काय करणार? पाणी ठीक निघालं. टँकच्या मागच्या आणि एका बाजूच्या काचेला निळा कागद लावला. दिवा मंद केला. फुटलेल्या माठाचे दोन तुकडे पालथे घातले. लपायला जागा जास्त दिली की मासा कमी लपतो, हे ऐकायला विचित्र, पण पळून जायचं ठिकाण चार बोटांवर असेल तर बाहेर फिरायला काय जातंय! दाणे रोज संध्याकाळी सातला, वरून हात न नेता बाजूने.

तिसऱ्या दिवशी माठाच्या कडेला चोच. सातव्या दिवशी डॅनिओंच्या मागोमाग वर येऊन त्याने पहिला दाणा पृष्ठभागावरून उचलला. तोंड नीट मिटत नसल्यामुळे अर्धा चुरा पाण्यात सांडला, तो डॅनिओंनी खाल्ला. आता सातला दहा मिनिटं असतानाच तो काचेशी येऊन उभा राहतो. भाचा मोबाइल घेऊन शूटिंगला वाकला की मात्र माठाखाली. दाढीचा आरसा पुन्हा न्हाणीघरात गेलाय.