रिसीव्हर महाग घ्यावा की खोलीत कापूस लावावा?

दिवाळीच्या तोंडावर जळगाव-धुळ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होम थिएटर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "भाऊ, कितला वॅटना शे?" दुकानदार तीस हजारांचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा मुख्य डबा, दाखवतो, शेजारीच लाखाचा ठेवलेला असतो. दोन्हींवर एकच गाणं वाजतं आणि लाखाचा खरंच सरस वाटतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या साध्या स्लॅबच्या घरात रिसीव्हरची किंमत तिप्पट केल्यानं आवाजात जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी मोठा फरक स्पीकर आणि खोली पाडतात. आणि हे पटवायला भौतिकशास्त्र पुरेसं आहे.

रिसीव्हर तीन कामं करतो. चित्रपटातला डॉल्बी किंवा डीटीएसचा सांकेतिक आवाज उलगडून वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देतो, डिजिटल आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करतो आणि त्या लहरींना स्पीकर हलवण्याइतकं बळ देतो. पहिली दोन कामं आज स्वस्तातली चिपसुद्धा इतकी चोख करते, की तिथली चूक कानाच्या आवाक्यात येत नाही. प्रश्न उरतो तो तिसऱ्या कामाचा, म्हणजे वॅटचा.

कान वॅट मोजत नाही, त्याची मोजणी डेसिबलच्या पायऱ्यांनी चालते. वॅट दुप्पट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलनं चढतो. 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आता ८० वॅटचा रिसीव्हर सोडून १०० वॅटचा घेतला, तर मिळतो जेमतेम १ डेसिबल. शेजारी-शेजारी लावून ऐकला तरच कळेल, एवढाच. दुसरीकडे, ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देणारा) स्पीकर एका वॅटवर तीन मीटर लांब बसलेल्या माणसापर्यंत सुमारे ८० डेसिबल पोचवतो. आपलं रोजचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे चित्रपट बघताना बहुतेक वेळ एखाददुसरा वॅटच खर्च होत असतो. स्फोटाच्या क्षणी ९५ डेसिबल हवे असतील, तर तीसेक वॅट लागतात. तेवढं बळ तीस हजारांच्या रिसीव्हरमध्येही असतं.

खोक्यावर '१०,००० वॅट पीएमपीओ' (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) असं लिहिलेलं असेल, तर तो आकडा वाचूच नका. घरातल्या लहान सॉकेटची क्षमता ६ अँपियर, वीज २३० व्होल्टची. गुणाकार केला तर १३८० वॅट. त्या सॉकेटमधून सतत याहून जास्त वीज घेता येत नाही, मग स्पीकरमधून दहा हजार वॅट कुठून निघणार? आकडा बघायचाच असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरवर (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचं माप), २० ते २०,००० हर्ट्झच्या, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या सुरांच्या पूर्ण पट्ट्यात, दर चॅनेलला, म्हणजे दर स्पीकरच्या वाटेला, किती वॅट दिले आहेत तो बघावा, आणि त्या वेळी किती चॅनेल चालू होते हेही विचारावं. बहुतेक कंपन्या दोनच चॅनेल चालवून मोजलेला आकडा छापतात.

मग दुकानात लाखाचा सरस का वाटला? एक कारण अगदी साधं आहे. दोन आवाजांतला एक किंचित मोठा असेल, तर तो आपल्याला मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. अर्धा डेसिबलसुद्धा पुरतो. म्हणून प्रामाणिक तुलनेत दोन्ही यंत्रांची पातळी डेसिबलच्या दशांशांपर्यंत जुळवून घेतात. १९८७ साली 'स्टीरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकानं अशी पातळी जुळवून, कोणतं यंत्र वाजतंय हे न सांगता चाचणी घेतली. त्यात सुमारे २२० डॉलरचा रिसीव्हर होता आणि १२,००० डॉलरची ॲम्प्लिफायरची जोडीही होती. ऐकणाऱ्यांना ती खात्रीनं वेगळी ओळखता आली नाहीत. पुढे १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकरांवर असाच प्रयोग केला. स्पीकर डोळ्यांसमोर असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण मिळाले. पडद्याआड गेल्यावर गुणांची मांडणीच बदलली. दुकानात ऐकताना आपण किंमतीची पट्टीही ऐकत असतो. हा कुणाचा मूर्खपणा नव्हे. मेंदू डोळ्यांची आणि कानांची माहिती एकत्र करूनच काम करतो, आणि हे मला फार विलक्षण वाटतं.

स्पीकरचं मात्र वेगळं आहे. बऱ्या ॲम्प्लिफायरची (आवाजाला बळ देणाऱ्या भागाची) विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारी मोडतोड, एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते, तर स्पीकर खालच्या सुरांत जोरात वाजताना सहज काही टक्के विकृती करतो. दोन स्पीकरांमधला फरक घरातल्या आजीलाही कळतो. त्यामुळे पैसे आधी तिथे घालावेत, त्यातही मधल्या स्पीकरवर, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद तिथूनच येतात.

आणि खोली. जुनी धाब्याची घरं आठवून बघा: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि फळ्या, खाली शेणानं सारवलेली जमीन. अशा पृष्ठभागांत गुळगुळीत टाइल्सपेक्षा जास्त आवाज जिरतो. आजच्या घरात गुळगुळीत प्लास्टर, चकचकीत टाइल्स, काचेच्या खिडक्या आणि लोखंडी कपाट. आवाज जिरायला जागाच नाही.

हे मोजायचं सूत्र वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञानं दिलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नव्हतं, कारण आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, खुर्च्यांवर पसरायचा आणि ऑर्गनची एक नळी वाजवून, ती थांबल्यावर आवाज किती वेळ ऐकू येतो ते घड्याळानं मोजायचा. पहाटेपर्यंत गाद्या परत जागेवर. त्यातून निघालेलं गणित असं: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण. (मापं मीटरमध्ये; शोषण म्हणजे सगळा आवाज बाहेर सोडणारी उघडी खिडकी किती चौरस मीटरची असती, तेवढं.)

साडेचार मीटर लांब, साडेतीन रुंद आणि तीन मीटर उंच अशी रिकामी टाइल्सची खोली घ्या. शोषण जेमतेम अडीच चौरस मीटर, म्हणून आवाज तीन सेकंदांहून जास्त घुमतो. अशा खोलीत लाखाच्या रिसीव्हरचे संवादही एकमेकांवर चढतात. आता कापडी सोफा, जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, चार माणसं आणि भिंतीला उभ्या केलेल्या दोन कापसाच्या गाद्या आणा. शोषण पंधरा चौरस मीटरच्या आसपास जातं आणि घुमणं अर्ध्या सेकंदावर येतं. कापूस हा उत्तम ध्वनिशोषक आहे. त्याच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत हवा घासत जाते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. ज्या खानदेशात कापसानं शेतं पांढरी होतात, तिथे हा इलाज पिंजाऱ्याकडे मिळतो.

खालचे सूर मात्र गादीला जुमानत नाहीत. साडेचार मीटरच्या खोलीत ३८ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो: भिंतीजवळ दणका, खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शांतता. (उन्हाळ्यात ४५ अंशांना आवाजाचा वेग ३४३ वरून ३५८ मीटर प्रति सेकंद होतो, पण त्यानं हा सूर दोनेक हर्ट्झच सरकतो.) मध्यावर बसणाऱ्याला बेस मिळत नाही म्हणून रिसीव्हरवर बेस वाढवला, तर भिंतीजवळचा दणका तेवढा वाढतो. उपाय सोपा आहे. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, तात्पुरता आपल्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे बेसचे सगळे सूर सारख्याच जोरानं ऐकू येतील, तिथे सबवूफर ठेवा.

मग जास्तीचे पैसे कधी वसूल होतात? स्पीकर ४ ओहमचे असतील किंवा दिवाणखाना मोठा असेल तर, कारण तेव्हा करंट जास्त लागतो आणि वजनदार ट्रान्सफॉर्मर कामाला येतो. छतातले ॲटमॉस स्पीकर (डॉल्बीच्या पद्धतीत वरून आवाज देणारे) लावायचे असतील, तर जास्त चॅनेल हवेतच. मायक्रोफोननं खोली मोजून आवाज सुधारणारी प्रणालीही महागड्या यंत्रांत अधिक बारकाईनं काम करते. तिच्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार असतो.

यंत्र कोणतंही घ्या, त्याला हवा द्या. बऱ्याच रिसीव्हरांच्या माहितीपुस्तिकेत ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळात दुपारी बाहेरच त्याहून जास्त तापमान असतं. काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेला रिसीव्हर मग मध्येच बंद पडतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं. वर वीतभर मोकळी जागा सोडा आणि डिश टीव्हीचा डबा त्याच्या डोक्यावर ठेवू नका.