सर्व्हर बंद आहे की डेटा गेला?

इंदूरच्या दवा बाजारातले एक औषधांचे स्टॉकिस्ट आमचे जुने ग्राहक आहेत. घरी मराठी, गल्ल्यावर हिंदी. बिलिंग, बॅच नंबर, एक्स्पायरीचा परत माल, सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर. एका दुपारी त्यांचा फोन आला, "अरे, तुमचं ते उघडतच नाहीये. माझा सगळा डेटा गेला का रे?" मी म्हटलं, "काका, गेलं काहीच नाही. दार अडकलंय, माल आत आहे." पन्नास मिनिटांनी दार उघडलं, सगळं जागच्या जागी होतं. पण काका अजून त्या दिवसाला "तुमचा डेटा गेला होता तेव्हा" असंच म्हणतात.

काकांना हसून चालणार नाही. हाच घोळ क्लाउड सॉफ्टवेअर, म्हणजे इंटरनेटवरून चालणारं सॉफ्टवेअर, विकणाऱ्या आम्हा लोकांच्याही डोक्यात असतो, आणि तिथे तो फार महाग पडतो.

घोळाचं एक कारण म्हणजे सेवा चालू असणं आणि डेटा टिकून असणं, दोन्ही गोष्टी नऊच्या आकड्यांत सांगितल्या जातात. अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवणूक सेवा घ्या. तिच्या नेहमीच्या प्रकाराची रचना 99.99 टक्के उपलब्धतेसाठी केलेली आहे आणि टिकाऊपणा 99.999999999 टक्के, म्हणजे अकरा नऊ. पहिला आकडा सांगतो की फाइल मागाल तेव्हा हाताशी येईल का. दुसरा सांगतो की ती फाइल मुळात शिल्लक असेल का. तीस दिवसांच्या महिन्यात 99.9 टक्के म्हणजे साधारण 43 मिनिटं बंद, 99.99 म्हणजे सव्वाचार मिनिटं. अकरा नऊंचा हिशोब मिनिटांचा नाहीच: एक कोटी फाइली ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी गमवाल, असा तो आहे.

ऐकायला भारी वाटतं, आणि ते खोटं नाही. पण हे अकरा नऊ डिस्क खराब होण्यापासून वाचवतात, आपल्या हातापासून नाही. मीच फाइल पुसली, तर ती यंत्रणा तितक्याच इमानदारीने पुसून देते.

हाताच्याच दोन गोष्टी सांगतो. दोन्ही 2017 च्या, बरोबर 28 दिवसांच्या अंतराने घडलेल्या. 28 फेब्रुवारीला अ‍ॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने बिलिंगच्या यंत्रणेतली अडचण शोधताना एक कमांड चुकीची टाकली. काढायचे होते थोडे सर्व्हर, निघाले बरेच. अमेरिकेच्या पूर्व भागातली एस-थ्री सुमारे चार तास लंगडी पडली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य वेबसाइट कोलमडल्या. सेवेची स्थिती दाखवणारा अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा डॅशबोर्डही एस-थ्रीवरच अवलंबून होता, त्यामुळे त्याच्यावरची माहितीही बराच वेळ बदलता येईना! जगभर बोंब झाली. पण ग्राहकांनी ठेवलेला माल जागेवर होता.

त्याआधी 31 जानेवारीला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन ठेवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचीच फोल्डर पुसली. लक्षात येईपर्यंत सुमारे 300 जीबी उडालं होतं. मग बॅकअप शोधायला गेले तर ज्या जागी तो रोज जाऊन पडायला हवा होता, ती जागा रिकामी. डेटाबेसची आवृत्ती आणि बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नव्हती, म्हणून तो रोज फसत होता. फसल्याचे ईमेल जात होते, पण तेही मेलच्या यंत्रणेने नाकारले. सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती, तिने वाचवलं. साइट 18 तास बंद राहिली. तिच्यावरचं मधलं सहा तासांचं काम, नवे प्रकल्प, टिप्पण्या, नवी खाती, कायमचं गेलं.

18 तास बंद राहणं त्याच दिवशी सगळ्यांना दिसलं. रिकामा बॅकअप मात्र कोणालाच दिसत नव्हता.

धंद्याच्या दृष्टीने फरक इथेच आहे. बंद पडण्याला बाजाराने भाव ठरवून दिलाय. करारात लिहिलेलं असतं की महिन्याची उपलब्धता अमुक टक्क्यांखाली गेली तर बिलात दहा टक्के सूट. काकांचं बिल दीड हजाराचं धरलं तर झाले दीडशे रुपये, म्हणजे त्यांच्या स्टाफचं एक दिवसाचं पोहे-जलेबी. गेलेल्या डेटाला असा भाव नाही. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या करारात डेटाची प्रत ठेवणं ही बहुधा आपलीच जबाबदारी असते, आणि भरपाईलाही मर्यादा असते. काकांकडे जीएसटीचा अधिकारी आला तर त्याला करार दाखवून भागत नाही. वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने हिशोब जपायची कायदेशीर जबाबदारी काकांची आहे, आमची नाही. काका भांडतात पन्नास मिनिटांसाठी, सोडून जातील ते डेटासाठी.

आणि नुसते काकाच जातील असं नाही. कोड स्पेसेस नावाची अशीच कोड ठेवणारी एक कंपनी जून 2014 मध्ये डेटा जाऊन संपली. हल्लेखोर तिच्या क्लाउड खात्याच्या नियंत्रण पॅनेलमध्ये शिरला, खंडणी मागितली, आणि त्याला बाहेर काढायला लागल्यावर मशिनं, साठवणूक, बॅकअप, दिसेल ते पुसत सुटला. बॅकअपही त्याच पॅनेलच्या हाताखाली होते. कंपनीने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. घराची दुसरी किल्ली त्याच जुडग्यात असली की चोराला दोन्ही एकदम मिळतात.

आता आमची लाज. आम्ही वर्षभर निवांत होतो, कारण डेटाबेसची जिवंत प्रत, म्हणजे रेप्लिका, दुसऱ्या सर्व्हरवर क्षणाक्षणाला जात होती. रेप्लिका बंद पडण्यावरचं औषध आहे: एक बसला की दुसरा उठतो. पण मूळ ठिकाणी पुसलेलं ती दोन सेकंदांत स्वतःकडेही पुसते. रात्रीचा बॅकअप वेगळा होता आणि रोज "यशस्वी" असा मेल यायचा. एका शनिवारी राजेंद्रनगरच्या ऑफिसात सहज म्हणून तो कोऱ्या मशीनवर उतरवून पाहिला. ग्राहक आले, बिलं आली; एक्स्पायरी परतीचं टेबल, म्हणजे त्या नोंदींचा तक्ताच, नाही. ते आम्ही नंतर जोडलं होतं आणि बॅकअपच्या यादीत घालायचं राहून गेलं होतं. चार महिने मेल खोटं बोलत नव्हता, यादीत होतं तेवढं खरोखर यशस्वी होत होतं.

त्या संध्याकाळी यादी काढून टाकली आणि अख्खा डेटाबेस घ्यायला सुरुवात केली. एक प्रत आता वेगळ्या खात्यात जाते, तिचा पासवर्ड रोजच्या कामाच्या कोणाकडेच नाही. दर महिन्याला एकदा उतरवून बघतो. कंटाळवाणं काम आहे, पोरं नाकं मुरडतात.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच नेमका प्रश्न विचारला, "म्हणजे आत्ता सगळं उडालं, तर मला कुठवरचं परत मिळेल?"

"काल रात्री अकरापर्यंतचं."

"आणि आज सकाळची बिलं?"

मी गप्प बसलो. काकांनी गल्ल्याखालची लाल वही काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. त्यात सकाळची सतरा बिलं हाताने उतरवलेली होती.