अठ्ठावन्नची अट: नाण्यांच्या स्पर्धेत सामान्य संग्राहकाला जागा कशी झाली

१९३०च्या दशकात, ऐन मंदीत, अमेरिकेत नाणी जमवणं हा फुकटचा छंद झाला होता. विस्कॉन्सिनमधल्या नीना गावच्या जे. के. पोस्ट यांनी पुठ्ठ्याचे बोर्ड काढले. प्रत्येक साल आणि टांकसाळीसाठी एक गोल भोक. हाती आलेली मोड चाळायची, हवं ते सेंट सापडलं की दाबून बसवायचं. पुढे व्हिटमन कंपनीने हे बोर्ड घरोघरी पोचवले. सॅन फ्रान्सिस्कोत ४,८४,००० एवढंच पाडलेलं १९०९चं ‘एस व्हीडीबी’ सेंट (‘एस’ ही टांकसाळीची खूण, ‘व्हीडीबी’ ही शिल्पकाराची आद्याक्षरं) काही मिळायचं नाही आणि त्याचं भोक रिकामंच राहायचं. पण नाणं किती झिजलंय, याची फिकीर फारशी कुणाला नव्हती.

ती आली प्रतवारीमुळे. सेंटचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या, आकाराने मोठ्या अमेरिकन सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. ७०च्या नाण्याची किंमत १च्या नाण्याच्या सत्तरपट, असा साधा हिशेब. किमतीचं गणित टिकलं नाही, आकडे मात्र टिकले. १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या कंपन्या शुल्क घेऊन नाणी तपासू लागल्या आणि आकड्यासह प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करू लागल्या. २००१च्या सुमारास त्यांच्या सेट रजिस्ट्री, म्हणजे संग्राहकांच्या सेटची चढाओढ लावणाऱ्या याद्या, ऑनलाइन आल्या. दुर्मीळ नाण्याला जास्त भार, मग साऱ्या सेटची सरासरी, आणि त्यावरून क्रमांक.

इथे पैसेवाल्यांचं फावलं. ६७ आणि ६८ मधला फरक भिंगातूनही नीट दिसत नाही, पण क्रमांक त्यावरच ठरतो. १९६३चे प्रूफ सेट (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्यांचे संच) तीस लाखांवर निघाले होते. त्यातल्याच एका सेंटला ७० गुण मिळाले आणि २००३ मध्ये ते ३९ हजार डॉलरला गेलं. एक सेंट!

यावर पीसीजीएसने शोधलेला उपाय म्हणजे ‘एव्हरीमॅन’, म्हणजे सामान्य माणसाचा, सेट: ५८च्या वरचं नाणं चालणार नाही. आकडा विचारपूर्वक निवडलेला आहे. ५८चं नाणं थोडंसंच वापरलेलं असतं; नाण्यावरच्या चेहऱ्यात गालाच्या, केसांच्या उंचवट्यावर किंचित घासलेलं, बाकी चमक शाबूत. ६०चं नाणं न वापरलेलं खरं, पण पोत्यात इतर नाण्यांवर आपटून ओरखडलेलं. शेजारी ठेवलीत तर बऱ्याचदा ५८चंच देखणं दिसतं, आणि पुष्कळदा स्वस्तही पडतं.

‘लो बॉल’ सेट तर उलट्या दिशेने धावतात: सर्वांत कमी आकडा जिंकतो. आता साल जेमतेम वाचता येईल अशा १ गुणाच्या नाण्याला ४ गुणांच्या नाण्यापेक्षा कधीकधी जास्त भाव मिळू लागलाय, आणि काही जण नाणं गुळगुळीत व्हावं म्हणून वर्षानुवर्षं खिशात घेऊन फिरतात.