गच्चीवर सोलर बसवताय? आधी सावली मोजा

सोलर बसवायचं म्हटलं की सगळे पहिलं विचारतात पॅनल कुठल्या कंपनीचं, एफिशियन्सी किती, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या किती टक्के ऊर्जेची वीज होते. अहो, आजकाल चांगली पॅनल्स बहुतेक 20 ते 22 टक्क्यांच्या आसपासच असतात, खरा फरक पडतो तो ती गच्चीवर कुठे आणि कशी बसवली त्याने.

आमच्या पुण्यातल्या घरी 3 किलोवॉटची सिस्टिम बसवताना फिटरने टाकीच्या उत्तरेला अगदी चिकटून खुणा केल्या होत्या. मे महिना, सूर्य डोक्यावर, सावली दिसणार कुठून, मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवसच असतो. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि 2 मीटर उंच टाकीची सावली भर दुपारी पण 1.8 मीटर पडते, सकाळी साडेनऊला तर साडेतीन मीटर! मी हिशोब करून गच्चीवर खडूने ती सावली आखली, तेव्हा कुठे पॅनल्स हलली.

एवढा आटापिटा कशाला, तर पॅनलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे चौकोन, एकामागे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून करंट तोच जातो. बैलजोडीतला एक बैल अडला की दुसऱ्याचा जोर वाया, तसंच. साध्या पॅनलमध्ये 3 बायपास डायोड असतात, ते अडलेला भाग वगळून करंट पुढे नेतात, म्हणजे एका सेलवर गडद सावली आली तरी त्या पॅनलची साधारण एक तृतीयांश वीज गेलीच समजा.

दुसरं, पॅनलला ऊन हवं पण उष्णता नको. त्याचे वॉट 25 अंशाला मोजलेले असतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पॅनल 65 अंशापर्यंत तापतं. दर अंशामागे साधारण 0.35 टक्का घट धरली तर 14 टक्के तिथेच गेले. म्हणून पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या.

तोंड दक्षिणेला, कल अक्षांशाएवढा म्हणजे पुण्यात 18-19 अंश, एवढं केलं की पुरे. मग 1 किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने रोज 4 युनिट मिळायला हरकत नाही.

आणि धूळ साचू देऊ नका. धुवायचं ते पहाटे, काच गार असताना, आणि शक्यतो बोअरच्या जड पाण्याने नको, ते वाळलं की काचेवर पांढरे डाग धरतात आणि मग घासूनही लवकर निघत नाहीत.