गटचर्चा आणि गटमुलाखत: सुपरमार्केटमधल्या नोकरीसाठी दोन वेगळ्या तयाऱ्या

‘उद्या सकाळी साडेदहाला ग्रुप राउंडसाठी यावे. बायोडेटा, दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स सोबत आणावी.’ सुपरमार्केटमध्ये अर्ज केलेल्या मुलामुलींच्या फोनवर येणारा निरोप साधारणपणे एवढाच असतो. ‘ग्रुप राउंड’ म्हणजे नेमके काय, हे त्यात लिहिलेले नसते आणि विचारायचे कोणाला सुचत नाही. मग ज्याला जो अर्थ ओळखीचा, तो तोच धरून चालतो. पुण्यात हा अर्थ बहुतेक वेळा गटचर्चा असाच लावला जातो. महाविद्यालयातल्या प्लेसमेंटच्या तयारीत गटचर्चा असते, एमबीएच्या क्लासमध्ये असते, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे स्वप्न पाहणाऱ्यांनी तर एसएसबीसाठी, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्यांसाठी, तिचा सराव केलेलाच असतो. परंतु सुपरमार्केटमध्ये विक्री सहायक, कॅशिअर किंवा माल लावणारा मदतनीस यांची निवड करताना जे घेतले जाते, ती बहुतेक वेळा गटमुलाखत असते. दोन्हींत आठ-दहा उमेदवार एका खोलीत बसलेले असतात, एवढ्या साम्यामुळे घोटाळा होतो.

मी काही वर्षे एका सुपरमार्केटच्या फ्लोअरवर काम केले, पुढे निवडीच्या खोलीत टेबलाच्या पलीकडेही बसलो, आणि आता हडपसरच्या एका अभ्यासिकेतल्या मुलांकडून या फेरीची तयारी करून घेतो. चांगली, कष्टाळू मुले केवळ चुकीच्या तयारीमुळे मागे राहताना पाहिली आहेत, म्हणून हा फरक सविस्तर मांडावासा वाटतो.

गटचर्चेत उमेदवारांना सहसा गोलाकार बसवतात, एक विषय देतात, विचार करायला मिनिट-दोन मिनिटे देतात आणि परीक्षक बाजूला होतात. पुढची दहा-पंधरा मिनिटे उमेदवार आपापसांत बोलतात. कोणी कधी बोलायचे हे कोणी ठरवून देत नाही. ती संधी ज्याने त्याने मिळवायची असते. या पद्धतीचे एक महत्त्वाचे मूळ सैन्यभरतीत आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने १९४२ मध्ये अधिकारी निवडण्यासाठी जी मंडळे स्थापन केली, त्यांत विल्फ्रेड बायन या मानसोपचारतज्ज्ञाच्या पुढाकाराने नेता न नेमलेल्या गटाची चाचणी घेतली जाऊ लागली. गटाला काम द्यायचे, प्रमुख कोणालाच करायचे नाही, आणि पुढाकार कोण घेतो, इतरांना कोण सांभाळून घेतो, हे पाहायचे, अशी ती कल्पना होती. आपल्याकडची एसएसबी याच परंपरेतली आहे. त्यामुळे गटचर्चेच्या तयारीत मुद्द्यांचा साठा, ठाम सुरुवात, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणे किंवा खोडणे आणि शेवटी सारांश मांडणे यांना महत्त्व येते.

गटमुलाखतीत परीक्षक बाजूला होत नाही. प्रश्न तो विचारतो, कोणाला विचारायचा हे तोच ठरवतो, आणि उत्तरही त्यालाच द्यायचे असते. उमेदवारांनी एकमेकांशी वाद घालणे तिथे अपेक्षित नसते. एका अर्थी ती आठ वैयक्तिक मुलाखतींची बेरीजच असते, फक्त प्रत्येकाची मुलाखत इतर सात जणांच्या देखत होते. सगळा फरक त्या ‘देखत’मध्ये आहे. तुम्ही बोलत असता ती दोन मिनिटे जशी पाहिली जातात, तशीच तुम्ही बोलत नसता ती चाळीस मिनिटेही पाहिली जातात, आणि माझ्या अनुभवात निर्णय अनेकदा त्या चाळीस मिनिटांवर झालेला आहे.

सुपरमार्केटला हीच पद्धत का सोयीची वाटते, हे कामाच्या स्वरूपात शोधावे लागते. पेठेतल्या वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक यादी वाचते आणि माल काउंटरच्या पलीकडून येतो. दुकानदाराचे सगळे लक्ष समोरच्या एका माणसावर असते. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी पिगली विगली हे दुकान उघडले आणि गिऱ्हाइकाने स्वतः फळ्यांमधून फिरून माल उचलायचा ही पद्धत रूढ केली; आजचे सुपरमार्केट त्याच कल्पनेवर उभे आहे. तिथला कर्मचारी एका जागी उभा राहून एका माणसाशी बोलत नाही. तो तांदळाची पोती रचत असतो, त्याच वेळी मागून एक आजी ‘बाळा, साबुदाणा कुठेय रे?’ म्हणून विचारतात, पलीकडे कोणाच्या तरी हातून तेलाची पिशवी फुटलेली असते आणि कॅश काउंटरवरून सुट्ट्यांसाठी हाक येत असते. अशा माणसाची निवड करताना तो एकटा असताना किती छान बोलतो, याला मर्यादित अर्थ आहे. चार माणसांत असताना त्याचे लक्ष कुठे असते, हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

निवडीच्या खोलीतला एक प्रसंग आजही जसाच्या तसा आठवतो. आठ उमेदवार ओळीत बसले होते आणि प्रश्न होता, ‘फळीवर किंमत एकशे एकोणपन्नास लिहिली होती आणि बिलात एकशे एकोणसत्तर आली, असे ग्राहक चढ्या आवाजात म्हणतो आहे. तुम्ही कॅशवर आहात. काय कराल?’ पहिल्या मुलाने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ पासून सुरुवात केली, ग्राहकाचे हक्क सांगितले, पारदर्शक व्यवहाराचे महत्त्व सांगितले, आणि बोलताना तो परीक्षकाकडे न पाहता शेजारच्या उमेदवारांकडे वळून ‘मित्रांनो’ म्हणत होता. त्याची तयारी उत्तम होती, पण ती गटचर्चेची होती. पाचव्या खुर्चीवर वारज्याहून आलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, ‘आधी सॉरी म्हणेन. सुपरवायझर सरांना बोलावून फळीवरचं लेबल बघायला सांगेन. तोपर्यंत ते बिल होल्डवर ठेवेन आणि मागच्या लोकांना शेजारच्या काउंटरवर जायची विनंती करेन.’ एवढेच. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसांची आठवण आठ जणांत फक्त तिला झाली होती. त्या दिवशी तिची निवड झाली, आणि पहिला मुलगा माझ्या मते कामाला अजिबात वाईट नसतानाही राहून गेला.

अशा प्रश्नाच्या तयारीसाठी थोडे ज्ञान मात्र हवे, आणि ते फ्लोअरवरचे हवे. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि तिच्यापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे पक्के माहीत असावे. माल लावताना ज्याची मुदत आधी संपते तो पुढे आणि नवा माल मागे, हा नियम माहीत असावा. तोंडी हिशेब जमायला हवा: पंचेचाळीस रुपयांची तीन पाकिटे दहा टक्के सवलतीत किती, तर १२१ रुपये ५० पैसे, चौसष्ट रुपये किलोच्या भाजीचे साडेतीनशे ग्रॅम किती, तर २२ रुपये ४० पैसे. मशीन हे सगळे करते हे खरे, परंतु मशीनने चूक केली तर ती ओळखणारा माणूस लागतो, म्हणून हे विचारले जाते. ज्या दुकानासाठी अर्ज केला आहे, तिथे आदल्या दिवशी तासभर ग्राहक म्हणून फिरून यावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. डाळी कुठे आहेत, भाजीचे वजन आधी होते की कॅशवर, संध्याकाळी सातला किती काउंटर चालू असतात, हे पाहून आलेला उमेदवार ‘आमच्या दुकानाबद्दल काय माहिती आहे?’ या प्रश्नावर इंटरनेटवरचे पाठ केलेले वाक्य म्हणत नाही.

गटमुलाखतीत एक अडचण अशी येते, जिचा सराव गटचर्चेत होत नाही. तुमचा क्रमांक सातवा असतो आणि तुमचे ठरवलेले उत्तर तिसऱ्याने देऊन टाकलेले असते. गटचर्चेत मुद्दा गेला तर तुम्ही दुसरा मुद्दा काढता किंवा त्याला विरोध करता. इथे विरोध करण्याचे कारण नसते आणि नवे काही शोधण्याच्या नादात माणूस भलतेच बोलून बसतो. अशा वेळी ‘यांनी मघाशी सांगितले तसेच मीही आधी माल तपासेन’ असे सरळ म्हणावे, शक्य असल्यास त्या उमेदवाराचे नाव घ्यावे, आणि आपल्या अनुभवातली एखादी लहानशी गोष्ट जोडावी. गणपतीच्या मंडळात प्रसादाची रांग सांभाळली असेल, मामाच्या दुकानात दिवाळीच्या आठवड्यात रवा-मैद्याच्या पुड्या बांधल्या असतील, तर तो अनुभवच आहे. नाव घेण्यातून आणखी एक गोष्ट आपोआप सिद्ध होते, ती म्हणजे इतर बोलत असताना तुम्ही ऐकत होता.

सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो या दोहोंच्या मधल्या प्रकारात. काही ठिकाणी गटमुलाखतीच्या ओघातच एखादी कृती करायला देतात: वीस वस्तू आणि एक रिकामा रॅक, दहा मिनिटांत लावून दाखवा, किंवा शनिवारी संध्याकाळी पाचपैकी दोन कर्मचारी आले नाहीत, कामाची वाटणी कशी कराल ते मिळून ठरवा. इथे उमेदवारांनी एकमेकांशी बोलायचे असते, म्हणून हे गटचर्चेसारखे दिसते. तरीही मुद्दा जिंकायचा नसतो, काम पुरे करायचे असते. आमच्या अभ्यासिकेतल्या सरावात एका मुलाने दह्याच्या डब्यांवरच्या तारखा पाहिल्या, ताजा माल पुढे लागलेला त्याच्या लक्षात आले आणि त्याने कोणाला काही न सांगता डबे मागेपुढे केले. काम अचूक होते, पण बाकीच्यांना ते कळले नाही. एकीने पुन्हा ताजे डबे पुढे आणले. ‘हे आधी संपतात, पुढे ठेवूया का?’ एवढे तो मोठ्याने बोलला असता तर माल नीट लागला असता आणि परीक्षकालाही त्याची नजर दिसली असती. अबोल मुलांना मी हेच सांगतो की भाषण येत नसेल तर नका करू, पण हात करतात ते तोंडाने सांगत चला. उलट बोलक्या मुलांनी एखाद्या गप्प बसलेल्या उमेदवाराला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारावे. हे दोन्ही प्रकारांत चालते, फक्त ते मनापासून असावे. क्लासमध्ये शिकवले म्हणून विचारलेला प्रश्न लगेच ओळखू येतो.

भाषेबद्दल फार काळजी करू नये. गटचर्चेत अनेकदा इंग्रजीचा आग्रह असतो. पुण्यातल्या सुपरमार्केटच्या फ्लोअरवर दिवसभर मराठी आणि हिंदी चालते, आणि सोप्या इंग्रजीतली चार वाक्ये जमली की पुरे. आवाज मात्र तिसऱ्या खुर्चीपर्यंत पोहोचायला हवा.

पाळ्यांचा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर घरूनच ठरवून न्यावे. सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी पुष्कळ मुले अर्धवेळ काम शोधत असतात. सगळ्यांसमोर ‘कोणतीही पाळी चालेल’ म्हणायचे आणि आठवड्याने सकाळची पाळी जमत नाही म्हणून सांगायचे, यात दोन्ही बाजूंचे नुकसान आहे. शनिवार, रविवार आणि सणांचे दिवस हे दुकानाच्या गर्दीचे दिवस, त्यामुळे दिवाळीच्या आठवड्यात सुट्टी लागेल का, असे विचारले जातेच. रात्री दुकान बंद झाल्यावर कात्रजला किंवा भोसरीला परतायची बस किती वाजेपर्यंत मिळते, हेही आधी पाहून ठेवावे. पगाराचा प्रश्न मात्र गटात काढू नये. फेरी संपल्यावर एकट्याने, नम्रपणे विचारावा, आणि सांगितलेल्या आकड्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि लागू असल्यास ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के कापून हातात किती येतील, हेही विचारावे. तो तुमचा हक्क आहे.

राहता राहिला प्रश्न, आपल्याला नेमके कशासाठी बोलावले आहे हे कळायचे कसे. खोलीत शिरल्यावर खुर्च्या पाहाव्यात: गोल मांडलेल्या असतील तर बहुधा चर्चा, टेबलासमोर ओळीत असतील तर मुलाखत, आणि मध्ये रिकामा रॅक किंवा वस्तूंचे खोके दिसले तर कृती. पण तोपर्यंत थांबण्याची गरज नाही. निरोप ज्या नंबरवरून आला, त्यावर फोन करून असे विचारता येते: ‘नमस्कार मॅडम, उद्याच्या ग्रुप राउंडसाठी माझे नाव आहे. आम्हाला एखाद्या विषयावर चर्चा करायची आहे, की तुम्ही प्रश्न विचारणार आहात? त्याप्रमाणे तयारी करून येईन.’ मी स्वतः त्या टेबलापलीकडे असताना असा फोन क्वचितच कोणी केला, आणि ज्यांनी केला त्यांची नावे मी यादीत बाजूला लिहून ठेवत असे.