पाच मिनिटांच्या इंजिनाने बॅटरी भरत नाही

आमच्या फोंड्याच्या वाड्यावर एक समज पक्का आहे: दारात उभी गाडी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू केली की बॅटरी उतरत नाही. मीही तेच इमानेइतबारे करत होतो. चवथीच्या आदल्या दिवशी गाडी नुसती टकटकली.

साधा हिशेब. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म वगैरे मिळून ५० मिलिॲम्पिअर खेचत असतील, तर आठवड्याला ८.४ ॲम्पिअर-तास जातात. पाच मिनिटांत अगदी २० ॲम्पिअरने चार्जिंग झालं तरी परत मिळतात जेमतेम १.७.

तेव्हा आधी गळती मोजा. मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) १० ॲम्पिअरवर ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची सोडवलेली वायर यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दारं लॉक करून निदान अर्धा तास थांबा. गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात, आणि घाई करणारे इथेच फसतात. मग एकेक फ्यूज काढत जा. आकडा धपकन खाली आला की चोर त्याच लाइनवर.

माझा आकडा १२० मिलिॲम्पिअरवरून ३० वर आला. चोर होता हौसेने बसवून घेतलेला डॅशकॅम.